ज्याचे नाव कळणार नाही, त्याचा हक्क

जुलूम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन माणसे उभी राहतात. एकाचा हात उगारलेला असतो, दुसरा मार खात असतो. एकाने माप कमी भरलेले असते, दुसऱ्याची पिशवी हलकी झालेली असते. हुकूकुल-इबादविषयी, म्हणजे माणसांच्या एकमेकांवरील हक्कांविषयी आपण जे ऐकत आलो आहोत, त्यातही बहुधा हीच दोन माणसे गृहीत धरलेली असतात. अल्लाहच्या हक्कात झालेली कसूर अल्लाह आपल्या कृपेने माफ करील, परंतु माणसाचा हक्क बुडविला असेल तर तौबेला आणखी एक अट जोडली जाते. तो हक्क परत करावा लागतो, अथवा त्या माणसाकडून माफी मिळवावी लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना खरा मुफलिस कोण, हे समजावून सांगितल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सारे काही घेऊन येईल, पण ज्यांना त्याने दुखविले, मारले, लुबाडले, ते एकेक करून त्याची पुण्ये घेऊन जातील. पुण्ये संपली की त्यांची पापे याच्या माथी टाकली जातील.

या हदीसमध्ये हक्कदार स्वतः पुढे येतो. दुनियेत मात्र तो पुढे येईलच असे नाही. तो दूर देशी गेला, मरण पावला, त्याचा पत्ता लागत नाही, अशा वेळी काय करावे याचा विचार आपल्या फकीहांनी केलेला आहे. मालक सापडत नसेल, तर त्याच्या वतीने तो माल सदका करावा, असे ते सांगतात. पण आपल्या हातून कोणाचा माल गेला नसून कोणाचे आरोग्य गेले असेल, आणि ते कोणाचे गेले हे आपल्याला, वैद्याला, किंबहुना खुद्द त्या माणसालाही कधी कळणार नसेल तर? असे नुकसान आजच्या काळात कल्पनेतले राहिलेले नाही. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे किरणोत्सर्ग.

२००८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समध्ये एक विचित्र प्रकार उघडकीस आला. लिफ्टची बटणे तयार करणाऱ्या एका कारखान्यातील सुमारे २० कामगारांच्या शरीरात, सामान्य नागरिकासाठी ठरविलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सर्ग गेल्याचे तेथील नियामक संस्थेने जाहीर केले. बटणांचे पोलादी भाग भारतातून आले होते आणि त्या पोलादात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेले होते. माग काढत काढत तपास आला तो आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खोपोली येथील एका ओतकामाच्या कारखान्यात. भंगार वितळवताना त्याबरोबर कुठल्यातरी यंत्रातील कोबाल्टचा स्रोतही भट्टीत गेला होता. भट्टीने भेद केला नाही. कोबाल्ट लोखंडात सहज मिसळतो. त्या लोखंडाच्या सळ्या झाल्या, सळ्यांचे सुटे भाग झाले, भागांची बटणे झाली आणि ती युरोपातील लिफ्टमध्ये बसविण्यासाठी निघाली. त्या २० कामगारांना मिळालेली मात्रा फार मोठी नव्हती, १ ते ३ मिलिसीव्हर्ट एवढीच. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले नाही. मग नुकसान झाले का? झाले असेल, तर कोणाचे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी हा किरणोत्सर्ग करतो तरी काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. काही किरण इतके जोरकस असतात की, ते ज्या पदार्थातून जातात त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. एक्स-रे, गॅमा किरण, तसेच अल्फा व बीटा कण हे या जातीचे. शरीरातून जाताना ते पेशींच्या आत आनुवंशिक माहिती साठविणाऱ्या रेणूच्या साखळ्या तोडतात. अल्लाहने पेशींना दुरुस्तीची अजब क्षमता दिली आहे आणि बहुतेक तुटलेले टाके पुन्हा जोडले जातात. एखादा टाका चुकीचा पडतो. ती पेशी मेली तर काम संपले. चुकीसह जगली, तर वर्षानुवर्षांनी, कधी २०-३० वर्षांनीही, त्यातून कर्करोग उद्भवू शकतो.

म्हणून अपाय दोन प्रकारचे आहेत. मात्रा प्रचंड असेल, तर असंख्य पेशी एकदम मरतात. उलट्या होतात, केस गळतात, त्वचा जळते, रक्त तयार करणारी मज्जा निकामी होते आणि माणूस काही आठवड्यांत दगावू शकतो. तेथे कारण आणि परिणाम समोरासमोर असतात. मात्रा अल्प असेल तेव्हा मात्र त्या दिवशी काहीच होत नाही. फक्त एक शक्यता वाढते. पुढे कर्करोग झालाच, तर तो तंबाखूने झाला, नशिबाने झाला की त्या किरणांनी, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. रोगावर कारणाचा शिक्का नसतो.

पहिल्या प्रकारचा अपाय कसा घडतो, हे खोपोलीच्या घटनेनंतर दोनच वर्षांनी दिल्लीने पाहिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६०चे एक जुने संशोधन यंत्र होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. कोबाल्ट-६०ची शक्ती दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. त्या हिशेबाने पंचवीस वर्षांत ती साधारण सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली असली पाहिजे, पण तेवढा हिस्साही प्राण घेण्यास पुरेसा होता. २०१०च्या फेब्रुवारीत विद्यापीठाने ते यंत्र लिलावात विकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते आले. आतल्या स्रोताभोवती शिशाचे जाड कवच होते आणि शिशाला भाव चांगला मिळतो, म्हणून ते फोडण्यात आले. चकाकणारे लहान तुकडे हातोहाती गेले. एक तुकडा तर एकाच्या खिशातल्या पाकिटात राहिला. एप्रिलमध्ये सात जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतील एक मजूर महिनाअखेरीस मरण पावला. तुकडे शोधून काढण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ व भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तज्ज्ञांना त्या गल्ल्या पिंजून काढाव्या लागल्या.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली असेच घडले होते. बंद पडलेल्या एका दवाखान्यातून कर्करोगावरील उपचाराचे यंत्र भंगारात गेले. त्यातील सीझियमची भुकटी अंधारात निळसर चमकत असे, म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरोघर वाटली. चार जण मेले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य आढळले.

दोन्ही ठिकाणी ज्याने हातोडा मारला तोच बळी पडला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इस्लामी विधिशास्त्रात प्रत्यक्ष कृती करणारा तो मुबाशिर आणि ज्याच्यामुळे कृतीला वाट मिळाली तो मुतसब्बिब, असा भेद केला जातो. उस्मानी काळात संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या विधिसंहितेत नियम आहे की, दोघे एकत्र आले तर जबाबदारी प्रत्यक्ष करणाऱ्याकडे जाते. हाच एक नियम हाती धरला, तर मायापुरीच्या प्रकरणात विद्यापीठ सुटते आणि मजूर दोषी ठरतो! पण फकीहांची दृष्टी एवढी आखूड नव्हती. त्यांचे एक जुने उदाहरण विहिरीचे आहे. स्वतःच्या जमिनीत कोणी विहीर खणली आणि त्यात कोणी पडले, तर खणणाऱ्यावर भरपाई नाही. सार्वजनिक रस्त्यात, अधिकार नसताना खणली आणि येणारा-जाणारा पडला, तर खणणारा जबाबदार. पडणारा स्वतःच्या पायांनीच चालत आला होता, ही सबब तेथे चालत नाही. मात्र कोणी एखाद्याला जाणूनबुजून त्या विहिरीत ढकलले, तर ढकलणारा जबाबदार. निर्णय फिरतो तो माहिती आणि अधिकार यांभोवती. चालणाऱ्याला रस्ता सुरक्षित आहे असे मानण्याचा हक्क होता आणि खणणाऱ्याला खड्डा माहीत होता.

आपल्या भागात ज्यांनी कठडा नसलेल्या विहिरी पाहिल्या आहेत, त्यांना हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. किरणोत्सर्गी स्रोत भंगारात सोडणे म्हणजे भर रस्त्यात विहीर खणून तिच्यावर कडबा पसरण्यासारखे आहे. मजुराने कवच फोडले खरे, पण त्याच्या लेखी ते निव्वळ शिसे होते. ज्या संस्थेने ते यंत्र विकत घेतले, वर्षानुवर्षे वापरले आणि ज्या संस्थेकडे विज्ञानाचे अध्यापक होते, तिला ते काय आहे हे माहीत असणे भागच होते. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) बोटांनी पाहिला आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विक्रेत्याला विचारले, ती हदीस येथे तंतोतंत लागू पडते. तो विक्रेता खोटे बोलला नव्हता. पाऊस लागला होता, एवढेच. माहीत असलेला दोष आत राहू दिला, हाच त्याचा गुन्हा होता.

आता खोपोलीकडे परत वळू, कारण तेथील कोडे अधिक अवघड आहे. मायापुरीत विहीर खणणारा दिसतो आणि पडलेलाही दिसतो. खोपोलीत दोन्ही बाजूंना धुके आहे. स्रोत कोणी टाकला, हातगाडीवाल्याने उचलला की मोठ्या व्यापाऱ्याच्या खेपेत आला, भट्टीवाल्याने तपासायला हवा होता की सळ्या घेणाऱ्याने? प्रत्येक जण आपल्या मागच्याकडे बोट दाखवतो आणि पुढच्याला माल देतो. दोष साखळीत इतका वाटला जातो की, कोणाच्याच वाट्याला चिमूटभरही उरत नाही.

मला वाटते, अमानत या संकल्पनेचा आपण जो संकुचित अर्थ करून ठेवला आहे तो येथे आडवा येतो. अमानत म्हणजे कोणी ठेवायला दिलेले पैसे, एवढेच आपण समजतो. कुरआनमध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांपर्यंत पोहोचविण्याची आज्ञा आहे (४:५८), आणि आकाश, पृथ्वी व पर्वतांनी जी अमानत उचलण्यास नकार दिला ती माणसाने उचलली, असेही सांगितले आहे (३३:७२). दहा हातांतून गेलेले कर्ज दहा जणांत विभागून फेडता येईल. दहा हातांतून गेलेली अमानत मात्र ज्या क्षणी ज्याच्या हाती असते, त्या क्षणी ती पूर्णपणे त्याचीच असते. दहावा हिस्सा सांभाळण्याची सोय तिच्यात नाही. एकाचे ओझे दुसरा उचलणार नाही, हा कुरआनचा नियम (६:१६४) येथे पळवाट म्हणून पुढे केला जातो. परंतु त्याच कुरआनमध्ये असेही आहे की, जे इतरांना अज्ञानात ठेवून भलत्या वाटेला नेतात, ते स्वतःच्या ओझ्याबरोबर त्यांच्या ओझ्यातील काही भागही वाहतील (१६:२५). ती आयत धर्माच्या बाबतीत दिशाभूल करणाऱ्यांविषयी आहे, हे मान्य. तरीही अज्ञान ज्याच्या फायद्याचे असते, त्याला त्या अज्ञानाचा हिशेब द्यावा लागतो, हे तत्त्व तिच्यातून घेण्यास हरकत दिसत नाही.

वडनेर भोलजी हे आमचे गाव मलकापूर आणि खामगावच्या दरम्यान, सुरतेकडून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. या रस्त्याने भंगाराचे ट्रक रात्रंदिवस जातात. जुन्या मोटारी, कारखान्यांचे पाइप, दवाखान्यांचे मोडके पलंग, पत्रे, सळ्यांचे तुकडे. गावोगावचे भंगार हातगाडीवरून वखारीत, वखारीतून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून जालन्यासारख्या ठिकाणी लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांपर्यंत पोहोचते. विदर्भ-मराठवाड्यात आपल्या समाजातील किती कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते, ते सांगण्याची गरज नाही. धंदा हलाल आहे आणि उपयोगाचाही आहे. टाकाऊला टिकाऊ करणारा माणूस समाजाची सेवाच करतो. पण मायापुरीत ज्याचे हात जळले, तो याच धंद्यातला होता. म्हणून हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपण या साखळीत मुतसब्बिब होऊ शकतो आणि बळीही होऊ शकतो.

त्यामुळे काही गोष्टी प्रत्येक वखारीत माहीत असल्याच पाहिजेत. पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती पंख्याच्या तीन पात्यांसारखी आकृती असेल, तर ती किरणोत्सर्गाची खूण आहे. २००७पासून आणखी एक लाल त्रिकोणी खूण आली आहे. तिच्यात वरून येणाऱ्या लाटा, कवटी आणि पळणारा माणूस दाखवलेला असतो, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही अर्थ कळावा. पाटी गळून पडलेली असू शकते. तेव्हा आकाराच्या मानाने विलक्षण जड असलेली, आत शिसे भरलेली, दवाखान्यातून, प्रयोगशाळेतून किंवा पाइपांचे जोड तपासणाऱ्या कंपनीतून आलेली पेटी दिसली, तर गॅस कटर लावायचा नाही, फोडायची नाही, तुकडा घरी न्यायचा नाही. लांब व्हायचे, इतरांना लांब करायचे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवायचे. किरणोत्सर्गाला वास नाही, रंग नाही, चटका नाही. अंतर हीच पहिली ढाल आहे. दुप्पट लांब गेले की लहान स्रोताची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. ही वस्तू मात्र स्वतः बाजूला करायची नाही, माणसे बाजूला करायची.

दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अल्प मात्रेचा प्रश्न भंगाराच्या वखारीत नव्हे, तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. आपल्या गावातील माणूस आजारी पडला की नांदुरा, खामगाव, अकोला अशी त्याची फरपट होते आणि प्रत्येक ठिकाणी नवी तपासणी होते. छातीच्या एका एक्स-रेमध्ये १ मिलिसीव्हर्टच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी मात्रा असते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये ती ८ ते १० मिलिसीव्हर्ट असते, म्हणजे शंभर किंवा त्याहून अधिक एक्स-रेंइतकी. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असे किरण मुळीच नसतात. सीटी स्कॅन वाईट आहे, असे याचा अर्थ कोणी घेऊ नये. डोक्याला मार लागलेल्या, पोटात आतड्याला पीळ पडलेल्या माणसाचा जीव त्याने वाचतो, आणि एक जीव वाचविणे सर्व मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, अशी आपल्याला शिकवण आहे (५:३२). प्रश्न अनावश्यक स्कॅनचा आहे. मागच्या आठवड्यातील फिल्म हरवली म्हणून, पहिल्या दवाखान्याचा अहवाल दुसऱ्याने मानला नाही म्हणून, शिफारशीमागे पैशाचा व्यवहार आहे म्हणून, किंवा नातेवाइकांनीच “मोठ्या मशीनवर दाखवा” असा हट्ट धरला म्हणून केलेल्या स्कॅनचा.

हिशेब करून पाहू. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळ संरक्षणासाठी जो अंदाज वापरते, त्यानुसार १००० मिलिसीव्हर्टमागे प्राणघातक कर्करोगाची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच इतकी वाढते. त्या प्रमाणात १० मिलिसीव्हर्टचे अनावश्यक स्कॅन दोन हजार जणांचे झाले, तर त्यातून एक जादा मृत्यू होईल. त्याच दोन हजारांपैकी दोनशेहून अधिक जणांना एरवीही आयुष्यात कधीतरी कर्करोग होणारच असतो. कारण आपल्या देशात सरासरी नऊ जणांमागे एकाला तो होतो, असा अंदाज आहे. आता त्या दोनशेंच्या गर्दीत हा एक कोण, सांगा. त्याच्या घरचे म्हणतील, अल्लाहची मर्जी. स्कॅन लिहून देणाऱ्याला त्याचा चेहराही आठवणार नाही. न्यायालयात दावा उभा राहणार नाही. नुकसान झालेले असेल, पण या दुनियेत त्याला हक्कदार नसेल.

काही लोक म्हणतील की, ज्याचा बळी दाखविता येत नाही तो गुन्हा कसला? या युक्तिवादात वजन आहे, ते नाकारू नये. आपल्याच विधिशास्त्राचा पायाभूत नियम आहे की, खात्री संशयाने रद्द होत नाही. अल्प मात्रेचा धोका खरोखर याच प्रमाणात असतो का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या दीर्घ अभ्यासात १०० मिलिसीव्हर्टच्या आसपास व त्यापुढे कर्करोगाची वाढ स्पष्ट दिसते. त्याखाली आकडे पुसट होत जातात. केरळच्या करुनागप्पळ्ळी किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे आणि तेथील लोक पिढ्यान्पिढ्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सर्गात राहतात. त्यांच्या पाहणीत कर्करोगाची वाढ आढळली नाही. तुम्ही-आम्हीही रोज त्यात न्हात असतो. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, आकाशातून येणारे किरण, अन्नातील पोटॅशियम या साऱ्यांतून जगातील सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात आणि त्यातील निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा असतो. हे सारे मानूनही दुसरी बाजू उरतेच. इंग्लंडमधील डॉक्टर अॅलिस स्टुअर्ट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले की, गरोदरपणी आईचा एक्स-रे काढला असेल, तर मुलाला कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक असते. मात्रा अल्प होती. त्यांचे म्हणणे मान्य व्हायला वर्षे लागली आणि तोपर्यंत गरोदर स्त्रियांचे एक्स-रे चालूच राहिले. ज्या मुलांना त्याचा फटका बसला, त्यांची यादी आजही कोणी देऊ शकणार नाही. बळी दाखविता येत नाही आणि बळी नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत.

तेव्हा माझे मत असे आहे. खात्रीचा नियम न्यायाधीशासाठी आहे. संशयावरून कोणाला दंड करू नये, कोणाची वस्तू हराम ठरवू नये, हे त्याचे काम. कृती करणाऱ्यासाठी दुसरी शिकवण आहे की, जे मनात शंका उत्पन्न करते ते सोडून शंका नसलेल्याकडे जावे. फायदा मोठा असेल तेथे अल्प धोका पत्करणे योग्यच. फायदा शून्य असेल, तेथे कितीही अल्प धोका दुसऱ्याच्या शरीरावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण ते शरीर त्याच्याजवळ अल्लाहची अमानत आहे. किरणांपासून संरक्षणाचे जगभर मान्य असलेले पहिले तत्त्वही हेच सांगते की, प्रत्येक वापरामागे धोक्याहून मोठा लाभ असला पाहिजे. आपल्या देशात सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णाच्या तपासणीला मात्र अशी मर्यादा नाही, कारण तेथे डॉक्टरच्या विवेकावर विश्वास टाकलेला आहे. जेथे कायदा थांबतो आणि विवेकावर सोपवतो, तेथेच आखिरतच्या हिशेबाची जागा सुरू होते. रुग्णानेही जुन्या फिल्म व अहवाल जपून ठेवावेत, नव्या डॉक्टरपुढे आधी ते ठेवावेत आणि “या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलेल?” असे अदबीने विचारावे. स्त्रीला दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर तिने आधी सांगावे. संकोचाने गप्प राहू नये आणि घरातील पुरुषांनी तिला गप्प बसवू नये.

येथे भीतीविषयीही बोलणे आवश्यक आहे, कारण भीतीसुद्धा जुलूम करते. मोबाइलच्या टॉवरविरुद्ध आपल्याकडे अर्ज, मोर्चे निघतात. त्या लहरी अणू फोडण्याइतक्या जोरकस नसतात, आणि मोर्चातलाच एखादा जण घरच्या लहान मुलाच्या साध्या डोकेदुखीसाठी सीटी स्कॅनची मागणी करतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेल्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून, आंबा परदेशी पाठविता यावा म्हणून किरणांचा मारा दिला जातो. त्याने कांदा किरणोत्सर्गी होत नाही, जसा दिव्याखाली ठेवलेला माणूस दिवा होत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आपल्याच गावांतून गेलेले किती तरी रुग्ण किरणोपचाराने बरे होऊन परततात. “बिजली के शेक” नको म्हणून उपचार अर्धवट सोडणारे मात्र रोगाच्या तावडीत सापडतात. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, ही कुरआनची ताकीद (१७:३६) बेफिकीर माणसाला जितकी लागू आहे, तितकीच घाबरट माणसालाही.

आणि तकदीर? “जो लिखा है वो होके रहेगा” हे वाक्य वखारीतही ऐकू येते आणि एक्स-रेच्या खोलीबाहेरही. हजरत उमर (र.) सीरियाकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना पुढे साथ पसरल्याचे कळले. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले की, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते स्वतःच्या जिवासाठी परतले नव्हते. त्यांच्या मागे लोक होते आणि त्या लोकांची जबाबदारी त्यांच्यावर होती. तकदीरचा आधार स्वतःच्या दुःखात घ्यावा. दुसऱ्याला धोक्यात ढकलताना तो घेणे म्हणजे आपला दोष अल्लाहच्या नावावर लिहिणे होय.

राहता राहिला मूळ प्रश्न, तौबेचा. ज्याच्या वतीने सदका करायचा तो माल असता, तर उलेमांचा मार्ग आपल्यापुढे आहे. आरोग्याची परतफेड सदक्याने होत नाही आणि नाव नसलेल्या माणसाकडे माफी मागायला जाता येत नाही. तो कियामतच्या दिवशी प्रथमच आपल्यापुढे उभा राहील आणि तेव्हा त्याला नाव असेल. कणभर भलाई आणि कणभर बुराई, दोन्ही त्या दिवशी दिसतील, असे सूरह जिलजालच्या शेवटी सांगितले आहे. तेथील ‘जर्रा’ हा शब्द उर्दूत अणूसाठीही वापरला जातो. या हक्कात माफीची वाट नंतर उरत नाही, तेव्हा जे काही करायचे ते माल हातात असतानाच करावे लागते.

आणि ते करताना पैसे बुडतात, हेही मान्य केले पाहिजे. हातगाडीवाल्याने दिवसभर हिंडून एक जड पेटी आणली, खूण ओळखून ती गावाबाहेर तशीच ठेवली आणि पोलिसांना कळविले, तर त्या संध्याकाळी त्याच्या घरी काय शिजणार? त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत त्यानेच का मोजावी? वखारीच्या मालकांनी आपापसात ठरवावे की, असा माल न फोडता कळविणाऱ्या माणसाला त्या पेटीच्या वजनाचे पैसे शिशाच्या भावाने, त्याच दिवशी, रोख द्यायचे.